नऊवारीचा काष्टा आणि शॉट १७: एका लघुपटातल्या आजीच्या रिगची गोष्ट

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातला तिघांचा गट. एक दिग्दर्शक, तोच संकलक. दुसरी रिगिंग (मॉडेल हलवण्यासाठी त्यात सांगाडा आणि कंट्रोल्स, म्हणजे रिग, बसवणं) आणि ॲनिमेशन करणारी. तिसरा घर, भांडी, प्रकाश आणि रेंडर (दृश्यातून अंतिम चित्रं काढणं) सांभाळणारा. तिघांच्याही नोकऱ्या चालू, त्यामुळे काम रात्री आणि शनिवार-रविवारी. मशीन दोन: १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा एक डेस्कटॉप आणि ६ जीबी कार्डाचा एक लॅपटॉप. सगळं काम ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ३.६ मध्ये, कारण ती दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती होती आणि रिगिफाय (ब्लेंडरमधलं रिग तयार करून देणारं ॲड-ऑन) तिच्यात नीट चालत होतं.

लघुपट ५ मिनिटं ४० सेकंदांचा, शॉट ४१. एका म्हातारीची एक पहाट: उठणं, चूल पेटवणं, माळ्यावरून धान्याचं गाठोडं काढणं आणि बऱ्याच वर्षांनी जात्यावर बसणं. संवाद मोजके. बाई उठते कशी, बसते कशी, वाकते कशी, हाच सिनेमा. त्यामुळे आजी नऊवारी लुगड्यातच हवी याबद्दल दुमत नव्हतं.

ॲनिमॅटिक, म्हणजे लघुपटाचा कच्चा आराखडा-व्हिडिओ, सहा आठवड्यांत झालं. त्यानंतर आजीचं मॉडेल, चेहऱ्याचे शेप की (मॉडेलचे साठवून ठेवलेले बदललेले आकार), रिगिफायचा मानवी रिग. चेहरा सुरेख झाला होता आणि पहिले दोन महिने सगळ्यांचं लक्ष त्या चेहऱ्यावरच होतं. लुगडं शेवटी ‘सिम्युलेशननं होईल’, म्हणजे कापडाची हालचाल संगणकच गणितानं काढेल, असं धरून चाललं होतं.

अडचण

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पण त्रास लांबीचा नव्हता. सहावारी साडी थ्रीडीत घागऱ्यासारखी वागते: कमरेपासून खाली एक घेर, आत पाय. नऊवारीत काष्टा दोन मांड्यांमधून मागे जातो आणि कमरेला खोचला जातो. म्हणजे कापडाची एक पट्टी कायम दोन हलत्या अवयवांच्या चिमटीत.

ब्लेंडरच्या कापड-सिम्युलेशनमध्ये टकरीचं अंतर मुळात ०.०१५ मीटर असतं, म्हणजे कापड अंगापासून दीड सेंटीमीटर लांब राहू पाहतं. मांड्यांमधल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी मिळून तीन सेंटीमीटर जागा लागते. आजी खाली बसली की तिथे एक सेंटीमीटरही उरत नाही. कापड डावीकडून ढकललं की उजव्या मांडीत घुसतं, उजवीकडून ढकललं की डावीत. हे गणित सोडवणाऱ्या सॉल्व्हरपुढे बरोबर उत्तरच नसतं. पडद्यावर ते आधी थरथरणं म्हणून दिसतं आणि मग एखाद्या फ्रेमला काष्टा काट्यांसारखा चहूबाजूंनी फुटतो.

नेहमीचे उपाय करून झाले. अंतर ०.००३ वर आणलं, तर फुटणं थांबलं पण मांडी कापडातून आरपार दिसू लागली. क्वालिटी स्टेप्स (प्रत्येक फ्रेममागच्या गणिताच्या पायऱ्या) ५ वरून १५ वर नेल्या, तर सिमचा, म्हणजे सिम्युलेशनचा, वेळ वाढला आणि थरथर तशीच राहिली.

दुसरी अडचण त्याहून उशिरा कळली. आजीची हालचाल ‘टूज’वर ठरली होती: प्रत्येक पोझ दोन फ्रेम टिकवायची, त्यामुळे थोडा हातानं काढल्यासारखा ठसका येतो. हालचालीच्या वक्रांवर स्टेप्ड इंटरपोलेशनचा मॉडिफायर लावला की हे आपोआप होतं. पण सिम्युलेशन प्रत्येक फ्रेमचा वेग मोजतं. त्याच्या लेखी आजी एका फ्रेमला थिजलेली असते आणि पुढच्या फ्रेमला दुप्पट वेगानं झेपावते. पदराला सेकंदाला बारा झटके बसत होते.

शॉट १७ मध्ये हे सगळं एकत्र आलं. आजी उभी आहे, जात्याशी येते, एक पाय लांब करून आणि दुसरा गुडघा मुडपून बसते. ९६ फ्रेम, चार सेकंद, स्थिर कॅमेरा, सगळं अंग चौकटीत. अकरा दिवस त्यात गेले आणि दाखवण्याजोगा एकही रेंडर हाती आला नाही. ज्या महोत्सवासाठी धावपळ चालली होती त्याची प्रवेशिकेची तारीख चौदा आठवड्यांवर होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, सिम्युलेशनच रेटणं. पूर्ण अंग दिसणारे शॉट १४ होते. शॉटमागे तीन दिवस धरले तरी ४२ दिवस, आणि ॲनिमेशनमध्ये जरा बदल झाला की कॅशे (सिमचा साठवलेला निकाल) पुन्हा पहिल्यापासून. फेरबदलाची सोय न उरणं हा यातला खरा तोटा. छोट्या गटाकडे पैसा नसतो; पुन्हापुन्हा सुधारण्याची मोकळीक हीच त्याची पुंजी असते.

दुसरा, लुगडं अंगासारखंच बोन्सनी (रिगमधल्या हाडांनी) चालवायचं, जिथे चुरगळेल तिथे सुधारक शेप की लावायचे, आणि सिम्युलेशन फक्त मोकळ्या पदराला ठेवायचं.

तिसरा, ग्रीज पेन्सिल या ब्लेंडरमधल्या रेखाटनाच्या साधनानं आजी टूडीत काढायची. गटातल्या कोणाचाही हात चित्रात इतका बसलेला नव्हता, आणि केलेला चेहरा वाया गेला असता. पाच मिनिटांच्या चर्चेत हा पर्याय बाद झाला.

चौथा, शॉटच बदलायचे: कमरेच्या वर चौकट, बसताना कट, पायांऐवजी सावली. निर्माता म्हणून हिशोब केला तर हा सर्वांत स्वस्त. दिग्दर्शकाचा विरोध होता, आणि तो रास्त होता. बसण्याची ती कळ, गुडघ्यावरचा हात, हे कापून टाकलं तर उरतो तो फक्त एका गोड चेहऱ्याचा लघुपट.

सहावारी किंवा गाऊन नेसवायचाही विषय निघाला. तो कोणी फार ताणला नाही.

चाचणी आणि निर्णय

चर्चेतून निर्णय होत नव्हता. तेव्हा ठरलं की दुसरा पर्याय थेट शॉट १७ वर आजमावायचा, सोप्या शॉटवर नाही. मुदत तीन दिवस. यशाची कसोटी आधीच लिहून ठेवली: ॲनिमेशन पक्कं झाल्यावर एका व्यक्तीला दोन दिवसांत त्या शॉटचं लुगडं उरकता आलं, तर पर्याय पास. ‘छान दिसतंय’ ही कसोटी नव्हती, कारण तीन दिवस जागून केलेलं सगळंच छान दिसतं.

चाचणीच्या आधी ॲनिमेटरनं जे केलं त्यानं या प्रकरणाला वळण मिळालं. शेजारच्या, रोज नऊवारी नेसणाऱ्या एका वृद्ध बाईंना तिनं विनंती केली आणि उठण्या-बसण्याचं चित्रण चार बाजूंनी केलं. ते फ्रेम-फ्रेम बघताना दिसलं की बाई कधीच सरळ खाली बसत नाहीत. बसायच्या आधी उजव्या हाताच्या चिमटीत मांडीवरचं लुगडं धरतात, दोन-चार बोटं वर ओढतात, आणि मग गुडघा मुडपतात. कापडाला जागा त्या स्वतः करून देतात. सिम्युलेशनमधली आजी हे करत नव्हती. तिचं कापड ताणलं जाणं साहजिकच होतं.

त्या चिमटीत तांत्रिक तोडगाही होता. हात मांडीवर असतो त्या क्षणी उभ्या आजीचं लुगडं लपवून बसलेल्या आजीचं वेगळं मॉडेल दाखवता येतं. बघणाऱ्याला वाटतं, हातानं ओढल्यामुळे कापड बदललं.

दुसरा पर्याय, अधिक ही अदलाबदल, अधिक चौथ्यातून उचललेले फक्त तीन कट: असा निर्णय झाला.

प्रत्यक्ष काम

सर्वांत आधी लुगड्याखालचं अंग काढून टाकलं. मास्क मॉडिफायरनं कमरेपासून पोटऱ्यांच्या मध्यापर्यंतचा भाग लपवला. पावलं, पोटरीचा खालचा भाग, हात आणि मान एवढंच उरलं. आत मांडीच नाही म्हटल्यावर मांडी बाहेर येण्याचा प्रश्न मिटला. पाच मिनिटांचं हे काम सिमच्या अकरा दिवसांत कोणाला सुचलं नाही, कारण सिमला टक्कर घ्यायला अंग लागतं.

मग काष्ट्याचा बोन. आधी पट्टीचे वेट्स (कुठला बोन कापडाला किती ओढतो याचं प्रमाण) दोन मांड्यांत अर्धे-अर्धे वाटले होते. चालताना ते चाललं. एक पाय लांब आणि एक गुडघा वर असताना पट्टी मधोमध दबून चिंधीसारखी झाली. म्हणून स्वतंत्र बोन घेऊन त्याला आर्मेचर कन्स्ट्रेंट (अनेक बोन्सच्या मागे ठरलेल्या प्रमाणात चालण्याचं बंधन) दिला आणि तीन लक्ष्यं ठेवली: डावी मांडी ०.३५, उजवी मांडी ०.३५, कटीचा बोन ०.३०. कटीचा वाटा नसता तर खोचलेलं टोक कमरेपासून सरकलं असतं. हा बोन पहिल्यांदा तयार रिगमध्येच हातानं घातला, आणि रिगिफायनं रिग पुन्हा जनरेट करताच तो पुसला गेला. नंतर तो मेटारिगमध्ये (ज्यातून रिगिफाय रिग तयार करतं त्या मूळ सांगाड्यात) ‘बेसिक.रॉ_कॉपी’ या प्रकारानं घेतला, मग टिकला.

सुधारक शेप की प्रत्येक मांडीसाठी दोन केले, ६० अंशांसाठी एक आणि ११० साठी एक. शेप की आपोआप चालवणारा ड्रायव्हर आधी मांडीच्या एक्स अक्षाच्या फिरण्यावर लावला होता. मांडी बाहेरच्या बाजूला वळली की ऑयलर कोनाची (तीन अक्षांवर वेगवेगळं मोजलेल्या फिरण्याची) किंमत उडी मारायची आणि लुगडं फडकन उलटायचं. त्याऐवजी कटी आणि मांडी यांच्यातला ‘रोटेशनल डिफरन्स’ घेतला. तो दोन बोन्समधला थेट कोन देतो, अक्षांच्या भानगडीत पडत नाही. त्यात एक मेख आहे: पाय पुढे गेला की मागे, हे त्याला कळत नाही. चालताना मागे राहिलेल्या पायालाही सुधारणा लागू होऊ लागली. म्हणून ३० अंशांपर्यंत शेप की शून्य ठेवला. म्हातारीचं पाऊल तेवढं मागे जातच नाही.

मॉडिफायरचा क्रम आर्मेचर, करेक्टिव्ह स्मूथ, सॉलिडिफाय, सबडिव्हिजन असा. कापडाला जाडी देणारा सॉलिडिफाय आधी टाकला तर वाकताना ती जाडी कमीजास्त होते. यूव्ही (नक्षी चढवण्यासाठी मॉडेलचा सपाट उलगडा) एका सरळ लांब पट्टीचा ठेवला, म्हणजे काठ कुठेही वाकडा होत नाही. उभं आणि बसलेलं लुगडं दोन्ही त्याच पट्टीवर उलगडली.

अदलाबदल पहिल्या खेपेला फसली. हातानं मांडी झाकली होती, पण कमरेपाशी दोन मॉडेल्समध्ये किंचित फरक होता आणि ४१व्या फ्रेमला कंबर लचकल्यासारखी दिसायची. कमरेच्या वरच्या तीन ओळींचे सगळे बिंदू दोन्ही मॉडेल्समध्ये तंतोतंत एकाच जागी आणले, आणि अदलाबदल पोझ बदलणाऱ्या विषम फ्रेमवरच ठेवली. लचक गेली.

पदराचं सिम मात्र ठेवलं. खांद्यावरचा आणि कमरेला खोचलेला भाग पिन केला. टकरीला आजीचं खरं अंग न देता कमी बिंदूंचं साधं धड दिलं. प्रत्येक शॉटच्या आधी ३० फ्रेम जास्तीच्या ठेवल्या, ज्यात आजी मूळ पोझमधून पहिल्या पोझमध्ये येते आणि पदर निवांत होतो. सिम चालवताना स्टेप्ड मॉडिफायर बंद, हालचाल सलग. निकाल अलेंबिक या हालचाल साठवणाऱ्या फाइल-प्रकारात काढला आणि परत आणताना कॅशे फाइलच्या ‘ओव्हरराइड फ्रेम’मध्ये प्रत्येक विषम फ्रेमचा आकडा दोन फ्रेम धरून ठेवला. पदर आजीच्याच तालात आला, झटके गेले.

ओठांचं काम

रुबार्ब लिप सिंक हे मोफत साधन इंग्रजी बोलण्यासाठी घडवलेलं आहे, पण त्यात भाषेवर न विसंबणारा ‘फोनेटिक’ पर्याय आहे. तो वापरला. पहिला मसुदा मिळतो, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. मराठीत ‘फळ’ म्हणताना आजीचे ओठ मिटतात, ‘फोन’ म्हणताना नातीचे वरचे दात खालच्या ओठाला लागतात. एकाच अक्षरासाठी दोन तोंडं. ‘ळ’ तर ओठांवर दिसतच नाही. शिवाय टूजमुळे मिटलेले ओठ नेमके सम फ्रेमवर पडले की गायब होतात. प, ब, म यांचं मिटणं हातानं विषम फ्रेमवर सरकवलं आणि आवाजाच्या दोन फ्रेम आधी ठेवलं. आजीची अकरा वाक्यं, दीड दिवस.

रेंडरचा हिशोब

३४० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ८,१६० फ्रेम. सायकल्स या ब्लेंडरच्या संथ पण वास्तव प्रकाशाच्या रेंडररमध्ये एका फ्रेमला साडेतीन मिनिटं धरली तर ४७६ तास: एक मशीन जवळजवळ वीस दिवस अखंड. ईव्ही या ब्लेंडरच्या वेगवान रेंडररनं हे एक-दोन दिवसांत झालं असतं. चाचणी घेतली, चुलीचा उजेड जात्याच्या दगडावरून उडून आजीच्या हनुवटीखाली येतो, ते त्यात मिळेना. सायकल्सच ठेवलं.

मार्ग वेगळा निघाला. ४१ पैकी २९ शॉटमध्ये कॅमेरा स्थिर होता, मिळून २३० सेकंद. त्यांची पार्श्वभूमी एकदाच रेंडर केली आणि आजी शॅडो कॅचरसह (फक्त सावली टिपणाऱ्या पृष्ठभागासह) वेगळ्या थरात. टूज असल्यामुळे एकाआड एकच फ्रेम: ५,५२० ऐवजी २,७६०, प्रत्येकी ५० सेकंद, म्हणजे सुमारे ३८ तास. हलत्या कॅमेऱ्याच्या १२ शॉटना ही युक्ती चालत नाही. कॅमेरा प्रत्येक फ्रेमला आणि आजी दोन फ्रेमला हलली की पाय जमिनीवर घसरल्यासारखे दिसतात, म्हणून तिथे आजीही प्रत्येक फ्रेमला हलवली. ११० सेकंद, २,६४० फ्रेम, १५४ तास. एकूण १९२ तास, आठ दिवस.

चुलीच्या आगीचं हेलकावणं थिजलेल्या पार्श्वभूमीत मरेल अशी भीती होती. लाइट ग्रुपनं चुलीचा उजेड वेगळा ठेवला आणि कंपोझिटिंगमध्ये (थर एकत्र जोडताना) त्याचं प्रमाण फ्रेमगणिक बदललं. सगळं एकेका फ्रेमच्या स्वतंत्र फाइलमध्ये. आठ दिवसांत वीज चारदा गेली. दरवेळी गेली ती फक्त चालू असलेली फ्रेम.

परिणाम

पहिल्या महोत्सवाची तारीख पाच आठवड्यांनी हुकली. लघुपट पुढच्या दोन ठिकाणी गेला आणि एका ठिकाणी दाखवला गेला. अंतिम लांबी ५ मिनिटं २२ सेकंद. डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) करताना १९२० रुंदीचं चित्र १९९८ च्या चौकटीत बसवावं लागलं आणि दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहिल्या.

शॉट १७ चं लुगडं दीड दिवसात झालं. उरलेल्या पूर्णाकृती शॉटना सरासरी एक दिवस. आठ जणांना लघुपट आधी दाखवला तेव्हा अदलाबदल कोणाला कळली नाही. चित्रणाला मदत केलेल्या त्या बाईंनी मात्र दुसरंच बोट ठेवलं: आजी जात्यात वैरण (दळायचं मूठभर धान्य) घालताना खुंट्यावरचा हात थांबवते. दळणारीचा हात थांबत नाही. वैरण दुसऱ्या हातानं, फिरत्या जात्यातच पडते. ३८ फ्रेम पुन्हा केल्या. काष्ट्यावर इतके दिवस घालवणाऱ्या गटाच्या नजरेतून ते निसटलं होतं, कारण जात्याचं चित्रण कोणी मागितलंच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पोशाख हा रिगचाच भाग आहे हे ॲनिमॅटिकच्या आठवड्यातच धरायला हवं होतं. ॲनिमॅटिकमध्ये शॉट १७ होता. त्या दिवशी बिनचेहऱ्याच्या धडावर लुगडं चढवून बसवून पाहिलं असतं, तर अकरा दिवस वाचले असते आणि बहुधा तारीखही. अवघड शॉट मागे ठेवण्याचं कारण समजण्यासारखं आहे: चेहऱ्याचं काम दिसतं, दाखवता येतं, हुरूप येतो. पण पुढचे सगळे निर्णय त्या न तपासलेल्या शॉटवर उभे राहतात.

बोन्सची नावं ॲनिमेशन सुरू होण्याआधी गोठवायला हवी होती. काष्ट्याच्या बोनचं नाव मध्येच बदललं गेलं. ब्लेंडर त्याच फाइलमधल्या ॲक्शन (साठवलेल्या हालचाली) दुरुस्त करतो. लिंक केलेल्या शॉट-फाइल्सना पत्ताच लागत नाही. नऊ शॉटमध्ये काष्टा जागच्या जागी थिजला. वक्रांचे पत्ते बदलणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून ते सावरलं, एक रविवार खर्ची पडला.

लॅपटॉपवर मध्येच ४.० आवृत्ती घातली गेली, हेही टाळता आलं असतं. ४.० मध्ये बोन लेअर्स जाऊन बोन कलेक्शन्स आली. तिथे जतन केलेली रिगची फाइल ३.६ मध्ये उघडली तेव्हा कंट्रोल्सची सगळी मांडणी गेलेली होती. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं.

टूजचा निर्णय दिसण्यासाठी घेतला होता. त्याचा परिणाम पदर, ओठ, कॅमेरा आणि रेंडर या चारही ठिकाणी होणार, हे एका कागदावर आधी मांडलं असतं तर स्थिर कॅमेऱ्याचे शॉट आणखी पाच-सहा वाढवता आले असते. हलत्या १२ पैकी निदान चार शॉटमध्ये कॅमेरा हलण्याला काही कारण नव्हतं, हे संकलकाचंच मत आहे.

गटाचं पुढचं काम सुरू झालं आहे. पात्र धनगर, खांद्यावर घोंगडी. चेहरा अजून नाही, नाव नाही. ४८ फ्रेमची एक चाचणी तेवढी झाली आहे: दंडगोलांचं एक धड घोंगडी झटकतं, पायाखाली अंथरतं आणि तिच्यावर बसतं.